आडवा वेग

समजा, हिंगोलीच्या रामलीला मैदानावरून एक उपग्रह सोडायचा आहे. रॉकेट पेटलं, सरळ वर गेलं, तीनशे किलोमीटर उंचीवर पोचलं आणि तिथं त्याचा वेग संपला. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की ती नसल्यातच जमा. मग उपग्रह तिथं टिकेल का? नाही टिकणार. उड्डाणापासून आठ-नऊ मिनिटांत तो हिंगोली जिल्ह्याच्या हद्दीतच कुठंतरी येऊन आदळेल. तीनशे किलोमीटर वर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्यापेक्षा जेमतेम नऊ टक्क्यांनी कमी असतं. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतंच, हा समज शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेला असतो आणि त्यापायी उपग्रहाची सगळी गोष्टच कळेनाशी होते.

उपग्रह वर राहतो तो आडव्या वेगामुळे. ज्वारीच्या राखणीला बसलेला माणूस गोफणीतून दगड भिरकावतो, तो दगडही सुटल्या क्षणापासून पडतच असतो. जोर जास्त असेल तर तो लांब जाऊन पडतो, एवढंच. आता हा हिशेब पुढं नेऊ. कोणतीही वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात ती सुमारे पाच मीटर खाली येते. पृथ्वी गोल आहे. हिंगोलीहून औंढ्याच्या दिशेनं नाकासमोर, अगदी सरळ रेषेत आठ किलोमीटर गेलं तर जमीन त्या रेषेच्या खाली सुमारे पाच मीटर वळलेली असते. म्हणजे एखादी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेगानं आडवी सुटली, तर ती जितकी पडते तितकीच जमीन तिच्याखालून वळत जाते. ती पडत राहते आणि जमीन काही गाठत नाही. उपग्रहाची कक्षा म्हणजे हे न संपणारं पडणं. हिंगोली ते मुंबई सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटर, आणि उपग्रह ते अंतर एका मिनिटात कापतो.

वर चढायला किती ऊर्जा लागते आणि आडवं धावायला किती, हेही पाहू. एक किलो वस्तू तीनशे किलोमीटर उचलायला जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे दहापट ऊर्जा तिला त्या उंचीवर कक्षेचा वेग द्यायला लागते. उंच उडणारी रॉकेटं बऱ्याच देशांनी बनवली, उपग्रह सोडणारी मोजक्यांनाच जमली, त्याचं कारण या दहापटीत आहे. भारतानं केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट १९६३ साली वर सोडलं. स्वतःच्या रॉकेटनं स्वतःचा उपग्रह कक्षेत ठेवायला मात्र १९८० साल उजाडलं. मधली सतरा वर्षं आडव्या वेगासाठी खर्ची पडली.

मग एकच मोठं रॉकेट का बांधत नाहीत? याचं उत्तर रशियातल्या एका शाळामास्तरानं, कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्कीनं १९०३ सालीच सूत्राच्या रूपात छापलं होतं. रॉकेट मागं वायू फेकतं आणि त्याच्या उलट दिशेला पुढं जातं. वायू ज्या वेगानं बाहेर पडतो त्याच्या जवळपास चौपट वेग हवा असेल, तर इंधनाचं वजन अवाढव्य वाढतं. घन इंधनाचा वायू सेकंदाला अडीच किलोमीटरच्या आसपास वेगानं बाहेर पडतो. कक्षेचा वेग, वर हवेचा अडथळा आणि गुरुत्वाकर्षणाशी झुंजण्यात गेलेला वेग, असं सगळं धरून गरज असते सेकंदाला साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. हे एकाच दमात साधायचं तर रॉकेटच्या चाळीस-पंचेचाळीस भागांतला एकच भाग रिकाम्या नळकांड्याचा, यंत्रांचा आणि उपग्रहाचा मिळून असू शकतो, बाकी सगळं इंधन. असं नळकांडं त्या काळी कुणालाच बांधता येणार नव्हतं.

म्हणून टप्पे. एक टप्पा जळाला की त्याचं रिकामं ओझं टाकून द्यायचं आणि पुढच्या टप्प्यानं हलक्या अंगानं वेग घ्यायचा. पण टप्पा टाकायचा म्हणजे तो कुठंतरी पडणार, आणि इथंच आपल्या हिंगोलीच्या बेतावर पाणी पडतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते, त्यामुळे पूर्वेकडं रॉकेट सोडलं की तिचा वेग फुकटात मिळतो. हिंगोलीच्या अक्षांशावर तो सेकंदाला सुमारे ४३८ मीटर आहे, भारत जिथून उपग्रह सोडतो त्या श्रीहरिकोट्याला सुमारे ४५२. फरक अगदीच किरकोळ. पण हिंगोलीहून पूर्वेला सोडलेलं रॉकेट कळमनुरी, उमरखेड, किनवट, आदिलाबाद असं करत बस्तर आणि ओडिशावरून समुद्राकडं जाईल, आणि त्याचे जळालेले टप्पे वाटेतल्या शेतांत नि घरांवर पडतील. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला नुसतं पाणी आहे.

ही भीती कागदावरची नाही. २०२२ साली गुढीपाडव्याच्या, म्हणजे २ एप्रिलच्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आणि मध्य प्रदेशाच्या मोठ्या पट्ट्यात लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या ठिणग्यांची रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं, आसपास धातूचे गोळेही सापडले. आदल्या वर्षी चीननं सोडलेल्या चांग झेंग मालिकेतल्या रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असा जाणकारांचा निष्कर्ष होता. हिंगोलीपासून ते ठिकाण पावणेतीनशे किलोमीटरच्या आत आहे.

आता पहिल्या उपग्रहांकडं वळू. ते ज्या रॉकेटांवर बसून गेले त्यांतली सुरुवातीची दोन मुळात उपग्रहांसाठी बांधलेलीच नव्हती. सोव्हिएत संघाचं आर-७ हे खंड ओलांडून अणुबॉम्ब टाकण्यासाठी बांधलेलं क्षेपणास्त्र. सोव्हिएत अणुबॉम्ब वजनदार होता, म्हणून त्याला वाहून नेणारं रॉकेटही दांडगं झालं. सर्गेई कोरोल्योव्हच्या पथकानं मध्ये एक आणि भोवती चार असे पाच गट एकत्र बांधले. प्रत्येक गटाच्या इंजिनाला चार ज्वलनकक्ष, म्हणजे एकूण वीस. हे पाचही गट जमिनीवरच एकदम पेटवले जात, कारण वर निर्वातात इंजिन खात्रीनं पेटेल याचा भरवसा तेव्हा कुणालाच नव्हता. ही खबरदारी मला फार शहाणपणाची वाटते. जे जमत नाही ते टाळून रचना करणं हीही अभियांत्रिकीच.

४ ऑक्टोबर १९५७ ला मॉस्कोच्या घड्याळात रात्रीचे साडेदहा वाजायला आले असताना, म्हणजे आपल्याकडे ५ तारखेची मध्यरात्र उलटून तासभर झाला असताना, कझाकस्तानातून जगातला पहिला उपग्रह स्पुतनिक निघाला. त्याचं वजन ८३.६ किलो, व्यास ५८ सेंटिमीटर. त्याला नेणाऱ्या रॉकेटचं वजन होतं सुमारे २६७ टन. उड्डाण निर्विघ्न झालं नाही. एका बाजूच्या इंजिनानं जोर धरायला उशीर लावला, पुढं सोळाव्या सेकंदाला इंधनाचा वापर सांभाळणारी यंत्रणा बिघडली, केरोसीन जास्त जळलं आणि मधलं इंजिन ठरल्या वेळेच्या एक सेकंद आधी बंद पडलं. त्या एका सेकंदापायी कक्षेचा सर्वांत लांबचा बिंदू ठरल्यापेक्षा ऐंशी-नव्वद किलोमीटर खाली आला. तरी कक्षा मिळाली. शेवटच्या सेकंदांची किंमत एवढी असते, कारण तेव्हा रॉकेट जवळजवळ रिकामं, हलकं झालेलं असतं आणि त्याच जोरानं वेग झपाट्यानं वाढत असतो.

स्पुतनिकची कक्षा विषुववृत्ताशी ६५ अंशांचा कोन करून होती. दर ९६ मिनिटांनी एक फेरी, आणि खाली पृथ्वी फिरत राहणार. त्यामुळे त्या हिवाळ्यात तो मराठवाड्यावरूनही गेला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका, निजामाचं राज्य जाऊन नऊ वर्षं झालेली, मराठवाडा मुंबई राज्यात येऊन वर्षभरच झालं होतं. त्या दिवसांत जगभर लोकांनी संध्याकाळच्या आकाशात स्पुतनिक पाहिल्याचं सांगितलं. पण नुसत्या डोळ्यांना दिसत होता तो बहुतेक वेळा स्पुतनिक नव्हताच. अर्ध्या मीटरभराचा गोळा इतक्या दुरून दिसायला फारच अंधूक होता. त्याच्या मागोमाग कक्षेत गेलेला रॉकेटचा मधला गट, कित्येक टनांचं रिकामं धूड, तो उन्हात चमकताना दिसे. जगानं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती माणसानं बनवलेली फिरती चांदणी म्हणजे एक रॉकेटच होतं. ते १ डिसेंबर १९५७ ला हवेत जळून गेलं. उपग्रह ४ जानेवारी १९५८ पर्यंत टिकला.

अमेरिकेचा पहिला प्रयत्न ६ डिसेंबर १९५७ ला झाला. व्हॅनगार्ड हे रॉकेट मीटरभर उचललं गेलं आणि दोन सेकंदांत मागं बसून पेटलं. मग सैन्याच्या पथकाकडं काम आलं. त्यांच्या ज्युपिटर-सी या रॉकेटचा तळ होता रेडस्टोन क्षेपणास्त्राचा, आणि रेडस्टोनचा वंश दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-२ पर्यंत जातो. त्या व्ही-२ च्या भूमिगत कारखान्यात हजारो कैदी राबून मेले, आणि व्ही-२ घडवणाऱ्या, पुढं या अमेरिकन पथकाचा प्रमुख झालेल्या वेर्नहर फॉन ब्राउनचं नाव घेताना ही गोष्ट गाळता कामा नये. ज्युपिटर-सीची रचना मात्र अतिशय हुशारीची होती. वरचे तीन टप्पे म्हणजे एकाच जातीच्या छोट्या घन इंधनाच्या नळ्यांचे जुडगे: दुसऱ्या टप्प्यात अकरा, तिसऱ्यात तीन, चौथ्यात एक. त्यांना दिशा देणारी यंत्रणा नव्हतीच. तो सगळा जुडगा एका पिंपात बसवून उड्डाणाआधीच गरगर फिरवायचा, म्हणजे फिरण्यामुळे त्याचा अक्ष स्थिर राहतो. ३१ जानेवारी १९५८ ला जवळपास चौदा किलोचा एक्स्प्लोरर-१ अशा रीतीनं वर गेला.

पुढं प्रत्येक देश आपापल्या हाती जे होतं ते घेऊन निघाला. फ्रान्सच्या दियामाँनं २६ नोव्हेंबर १९६५ ला अल्जीरियाच्या वाळवंटातून उपग्रह सोडला. जपानचं लॅम्डा-४एस हे सगळ्यांत धाडसी म्हणावं लागेल. दहा टनांहून हलकं, चारही टप्पे घन इंधनाचे, चढताना मार्ग सुधारत नेणारी यंत्रणा नाही. चार वेळा अपयश आलं, पाचव्यांदा ११ फेब्रुवारी १९७० ला २४ किलोचा ओसुमी कक्षेत गेला. चीन त्याच वर्षी २४ एप्रिलला, ब्रिटन २८ ऑक्टोबर १९७१ ला. ब्रिटननं तर कार्यक्रम गुंडाळायचा निर्णय आधी जाहीर केला आणि उरलेलं रॉकेट सोडलं, ते नेमकं यशस्वी झालं.

भारताची वाट यांतल्या जपानच्या वाटेला सर्वांत जवळची होती. आपल्याकडं पायाला धरायला क्षेपणास्त्र नव्हतं. थुंब्याला २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी उडालं ते नाइके-अपाची रॉकेट अमेरिकन, त्यातून आकाशात सोडलेल्या सोडियमच्या वाफेचं सामान फ्रेंच. भारताचा अंतराळ कार्यक्रम उभारणाऱ्या विक्रम साराभाईंनी जमवलेल्या त्या तरुण पथकात पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते. स्वतः बनवलेलं पहिलं रॉकेट, रोहिणी-७५, उडालं २० नोव्हेंबर १९६७ ला. ७५ म्हणजे त्याचा व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. त्यात भरलं होतं कॉर्डाइट, तोफगोळ्यांच्या कामात येणारी स्फोटक दारू. उपग्रहाच्या रॉकेटला ती पुरणार नव्हती. त्यासाठी इंधनाचं रसायनच नव्यानं शिकावं लागणार होतं.

ते रसायन घडवणाऱ्यांत एक नाव मराठी वाचकाला माहीत आहे, पण बहुतेकांना ते पावसाच्या अंदाजामुळे माहीत आहे. वसंत गोवारीकर. सोळा घटकांवरून मोसमी पावसाचं भाकीत करणारी पद्धत १९८८ साली आली तेव्हा ते दिल्लीत विज्ञान खात्याचे सचिव होते. पुढं पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या कीर्तीच्या आड त्यांचं रॉकेटमधलं काम झाकलं गेलं, याची मला मनापासून खंत वाटते. १९३३ साली जन्मलेल्या गोवारीकरांनी बर्मिंगहॅमला रासायनिक अभियांत्रिकीत पीएचडी केली, घन आणि प्रवाही पदार्थांमधल्या उष्णतेच्या व वस्तुमानाच्या देवाणघेवाणीवर गार्नर या प्राध्यापकांबरोबर सिद्धान्त मांडला, इंग्लंडमध्ये नोकरी केली. १९६७ साली साराभाईंच्या बोलावण्यावरून ते थुंब्याला आले. तिथं तेव्हा नारळीची झाडं, कोळ्यांच्या वस्त्या आणि कार्यालय म्हणून वापरात आणलेलं सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं.

घन इंधन म्हणजे काय हे एकदा जवळून पाहायला हवं, कारण १९८० साली भारताचा उपग्रह कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ या रॉकेटचे चारही टप्पे त्याचेच होते. त्यात तीन मुख्य वस्तू. अमोनियम परक्लोरेट या क्षाराचे बारीक स्फटिक, जे जळायला लागणारा ऑक्सिजन पुरवतात. अॅल्युमिनियमची भुकटी, जी जळताना प्रचंड उष्णता देते. आणि या दोन्हींना धरून ठेवणारं रबरासारखं बहुवारिक, जे स्वतःही जळतं. वजनानं सर्वांत जास्त क्षार, त्याखालोखाल धातू, सर्वांत कमी बहुवारिक. पण सगळी मेख त्या शेवटच्यात. कारण हे मिश्रण घट्ट लगद्यासारखं मोठ्या भांड्यात घोळलं जातं, हवेचा एकही बुडबुडा राहू नये म्हणून निर्वातात रॉकेटच्या नळकांड्यात ओतलं जातं, मधोमध एक चांदणीच्या आकाराचा साचा उभा असतो, आणि मग सगळं गरम ठेवून कित्येक दिवस पक्कं होऊ देतात. साचा काढला की मध्ये चांदणीसारखी पोकळी राहते. इंधन पेटतं ते या पोकळीच्या आतल्या पृष्ठभागावर आणि बाहेरच्या बाजूला जळत जातं. पृष्ठभाग किती, यावर जोर किती हे ठरतं. म्हणजे कोणत्या सेकंदाला किती जोर हवा, हे इंधन ओतायच्या आधी साच्याच्या आकारातच ठरवून ठेवावं लागतं. द्रव इंधनाची तोटी बंद करता येते, घन इंधन एकदा पेटलं की पेटलं.

म्हणून तडा हा शब्द इथं सर्वांत भयानक. पक्कं झालेल्या इंधनात केसाएवढी भेग राहिली तरी तिथं जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब एकदम चढतो आणि नळकांडं फुटतं. उन्हाळ्याच्या उष्णतेत, हलवाहलवीत, महिनोन् महिने साठवणीत हा पदार्थ ना ठिसूळ व्हायला हवा ना सैल. अशी बहुवारिकं परदेशातून हवी तेव्हा मिळतीलच याची खात्री नव्हती. गोवारीकरांच्या पथकानं ती इथं घडवायला घेतली. त्यांतलं एक तर एरंडेल तेलापासून तयार केलेलं होतं आणि त्याला इस्रोचंच नाव मिळालं. आपल्याकडं बांधाच्या कडेला उगवणाऱ्या एरंडाचं तेल रॉकेटच्या पोटात जाऊ शकतं, ही गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येक विज्ञानाच्या वर्गात सांगितली जावी असं मला फार वाटतं. दिव्यात, औषधात, गाडीच्या आसाला आपण ते पिढ्यान् पिढ्या वापरलं. त्याच्या रेणूला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लटकलेली असते आणि तिच्या आधारानं लांबलचक साखळ्या विणता येतात, हे मात्र रसायनज्ञानं पाहायला लागतं.

साराभाईंनी चार टप्प्यांच्या रचनेचं काम चौघांकडं सोपवलं. पहिला गोवारीकर, दुसरा कुरूप, तिसरा मुथुनायगम, चौथा अब्दुल कलाम. १९७१ च्या डिसेंबरात साराभाई गेले, इस्रोच्या प्रमुखपदी सतीश धवन आले आणि पुढं साऱ्या प्रकल्पाची सूत्रं कलामांकडं आली. रॉकेटची रूपरेषा अमेरिकेच्या स्काउट या रॉकेटशी मिळतीजुळती होती. चौथ्या टप्प्याची एक निराळीच हकिकत आहे: हा टप्पा आपल्या दियामाँवर बसवता येईल का, असं फ्रेंचांनी विचारलं, त्यासाठी त्याचा व्यास ४०० वरून ६५० मिलिमीटर आणि वजन २५० वरून ६०० किलोपर्यंत वाढवून रचना बदलण्यात आली, आणि मग फ्रान्सनं दियामाँच बंद केलं.

इंधनाइतकंच महत्त्व त्याच्या नळकांड्याला. पहिल्या दोन टप्प्यांची नळकांडी पोलादाची, वरच्या दोन टप्प्यांची तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकची. पोलादी काम मोठ्या प्रमाणात महाराष्ट्रात झालं: मुंबईत लार्सन अँड टुब्रो, आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कारागिरांपुढं रॉकेटचं पोलाद आलं. पत्रा वाकवून एक मीटर व्यासाचं नळकांडं करायचं, सांधा वेल्ड करायचा, मग भट्टीत तापवून पोलादाला ताकद आणायची. पत्रा पातळ, आणि तापवलं की नळकांडं गोलाकार सोडू पाहतं. थोडं जरी लंबगोल झालं तर दुसऱ्या भागाशी सांधा जुळत नाही. प्रत्येक वेल्डचं क्ष-किरण छायाचित्र काढायचं, शेवटी पाण्याच्या दाबानं नळकांडं फुगवून पाहायचं. जाड केलं तर काम सोपं होतं, पण वाढलेला प्रत्येक किलो आडव्या वेगातून वजा होतो.

हीच कारागिरी आता उलट्या कामासाठी हिंगोली जिल्ह्यात लागणार आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहायची आहे; केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये सव्वा मीटरच्या आसपास व्यासाच्या पोलादी नळ्या असतात. रॉकेटच्या नळकांड्यानं आतला दाब सोसायचा, या नळ्यांनी आतली निर्वात पोकळी राखायची. दोन्हीकडं पातळ पत्रा, गोलाई आणि वेल्ड यांचीच परीक्षा.

एसएलव्ही-३ तयार झालं तेव्हा ते बावीस मीटर उंच, सतरा टन वजनाचं होतं. १० ऑगस्ट १९७९ च्या सकाळी ते पहिल्यांदा उडालं. पहिला टप्पा चोख जळाला. दुसऱ्या टप्प्यात मात्र रॉकेटचा तोल सुटला आणि ३१७ सेकंदांनंतर ते बंगालच्या उपसागरात पडलं. चौकशीत कारण सापडलं ते एका झडपेचं. दुसऱ्या टप्प्याला वळण देणाऱ्या यंत्रणेत नायट्रिक आम्ल वापरलं होतं. उड्डाणाआधीच्या मिनिटांतच झडप अडकून उघडी राहिली आणि आम्ल गळून गेलं. टप्पा जळत होता, जोर पुरेसा होता, पण त्याला दिशा द्यायला हाताशी काही उरलं नव्हतं.

पुढच्या उड्डाणाच्या वेळी गोवारीकर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. १८ जुलै १९८० च्या सकाळी आठ वाजून तीन मिनिटांनी एसएलव्ही-३ श्रीहरिकोट्याहून निघालं. पहिला टप्पा पन्नास सेकंदांच्या आत संपला, दुसरा चाळीस, तिसरा पंचेचाळीसच्या आसपास. मग रॉकेट काही मिनिटं नुसतं वर जात राहिलं, कसलंही इंधन न जाळता. ही शांतता हिशेबातलीच होती: उंची आपोआप मिळू द्यायची आणि चढण संपता संपता, आडवं झाल्यावर, चौथा टप्पा पेटवायचा. तो अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त जळाला. चारही टप्प्यांचं जळणं मिळून तीन मिनिटांच्या आत आटोपलं, आणि ३५ किलोचा रोहिणी हा उपग्रह सुमारे ३०५ बाय ९१९ किलोमीटरच्या कक्षेत गेला. सतरा टनांचं रॉकेट पस्तीस किलोसाठी, म्हणजे दर किलोमागं जवळपास पाचशे किलो.

रोहिणीची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ४५ अंशांत होती, म्हणजे हिंगोली त्याच्या पट्ट्यात आलीच. मे १९८१ पर्यंत तो फिरत राहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस झालेल्या तिसऱ्या उड्डाणात उपग्रह अपेक्षेपेक्षा खालच्या कक्षेत गेला आणि काही दिवसांतच जळाला. १७ एप्रिल १९८३ चं चौथं आणि शेवटचं उड्डाण पूर्ण यशस्वी झालं.

सोव्हिएत संघानं आणि अमेरिकेनं क्षेपणास्त्राला उपग्रहाच्या कामाला लावलं. भारतात उलटं घडलं. उपग्रहासाठी घडवलेला एसएलव्ही-३ चा पहिला टप्पा पुढं अग्नी क्षेपणास्त्राचा पाया झाला. त्याची पहिली चाचणी २२ मे १९८९ ला झाली. दुसरीकडं त्याच एक मीटर व्यासाच्या टप्प्याला पीएसएलव्ही या पुढच्या, मोठ्या रॉकेटच्या कडेला सहा-सहाच्या जोडणीत जागा मिळाली. २२ ऑक्टोबर २००८ ला चांद्रयान-१ घेऊन पीएसएलव्ही निघालं, तेव्हा त्याच्या बुंध्याभोवती त्या टप्प्याचे सहा लांबवलेले वंशज बांधलेले होते. त्यांत इंधन बारा-बारा टन होतं. व्यास मात्र तोच, एक मीटर.